शिगोशीग चमचा
चार दिवस बाळाला शी झाली नव्हती. गवंडी कामावरून धावत आला तेव्हा लेक पाय पोटाशी घेऊन, लालबुंद होऊन कुंथत होती. बायकोला दूध येत नव्हतं, म्हणून पोरगी डब्याच्या पावडरीवर होती आणि बाटली करायचं काम त्याचं होतं.

तिला उराशी धरून दोघं दवाखान्यात पोचली. नर्सबाईंनी पोट चाचपलं.

"उलट्या? ताप? शीमध्ये रक्त?"

"नाही हो," बायको रडवेली होऊन म्हणाली.

"मग दूध कसं करता, ते दाखवा बघू."

गवंड्याने सोबत आणलेल्या बाटलीत पाणी मोजलं आणि डब्यातल्या पावडरीचे चमचे शिगोशीग भरून ओतले.

"रोज असेच भरता?"

"हो. म्हटलं, घट्ट दूध अंगी लागेल." बाईंचा चेहरा पाहून त्याने चमचा खाली ठेवला. "बाई, म्हणजे मीच... ती वाचेल ना?"

"वाचेल हो! पण चमचा सपाट हवा. घट्ट दुधानं शीचा खडा होतो." बाईंनी बाळाचे पाय सायकल चालवल्यासारखे हलवून दाखवले. "असं केलं की शी सुटते. उद्यापर्यंत झाली नाही किंवा उलटी झाली, तर लगेच या."

दुसऱ्या दिवशी गवंडी कामावर गेलाच नाही. घटकेघटकेला लंगोट उघडून बघायचा, तिचा श्वास ऐकायचा. बायको म्हणाली, "अहो, दोन घास तरी खा." त्याने ताट बाजूला सारलं.

दुपारी पोरगी जोरात कुंथली आणि एकदम गप्प झाली. बायकोने लंगोट सोडला.

"झाली! अहो, झाली!"

गवंडी मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा हमसून हमसून रडला.