बसून नाजुका, उभी राहून ढाण्या

ढाण्याचा आवाज काढायचा तर पाय फाकवून उभं राहावं लागतं, हे जगात फक्त दोघांना ठाऊक होतं. एक तो आवाज काढणारी, आणि दुसरा काचेपलीकडे बसणारा ध्वनिमुद्रक, ज्याला सगळे कानसेन म्हणत. आता ढाण्या कोण, हे ज्याच्या घरात लहान मूल आहे त्याला सांगायला नको. ज्याच्या घरात नाही त्या सुखी माणसाला मात्र सांगायला हवं. ढाण्या म्हणजे रोज संध्याकाळी टीव्हीवर येणारा कार्टूनमधला चिमुकला वीर. दरीवरून उडी मारतो, मगरीच्या जबड्यात काठी अडकवतो आणि कमरेवर हात ठेवून गरजतो, "भितोय कोण? इथे ढाण्या आहे!" हा मर्दाचा बच्चा बोलायचा तो मात्र चाळिशी ओलांडलेल्या, गुडघे कुरकुरणाऱ्या एका बाईच्या तोंडून. या धंद्यात त्याचं कुणाला नवल नाही. लहान मुलग्यांचे आवाज बायकाच काढतात. खरा मुलगा आणला तर ऐन मालिकेच्या मध्यावर त्याचा आवाज फुटतो आणि वीराचा एकदम बेडूक होतो.

स्टुडिओत तिला मावशी म्हणत. मावशीकडे आणखी एक काम होतं. ढाण्याची मैत्रीण नाजुका, तिचाही आवाज मावशीचाच. नाजुकाला गुलाबी झगा होता, बशीएवढे डोळे होते आणि दर भागात कुणी ना कुणी तिला बांधून ठेवायचं. कधी झाडाला, कधी खांबाला, एकदा तर चक्क रॉकेटला. मग ती म्हणायची, "ढाण्या, वाचव ना!" संपलं तिचं काम. हा आवाज काढायचा तर खुर्चीच्या अगदी कडेवर बसायचं, गुडघे जुळवायचे, खांदे वर घ्यायचे आणि हनुवटी आत ओढायची. मावशी आधी ढाण्याची सगळी वाक्यं उभ्याने उरकायची, मग खुर्ची ओढून नाजुकाची बसून. वर्षानुवर्षं हेच केल्यामुळे हे आता गळ्याचं काम राहिलंच नव्हतं. पाय ताठ झाले की ढाण्या बोलू लागायचा आणि टेकलं की नाजुका मुसमुसायची. स्टुडिओचे मालक, म्हणजे साहेब, यांनी तिच्याकडून एक शपथ घेतली होती. ढाण्याचा आवाज बाईचा आहे हे एकाही मुलाला कळता कामा नये. "मुलांचा विश्वास उडेल हो मावशी!" साहेब म्हणाले होते. म्हणून तिच्या स्वतःच्या सहा वर्षांच्या लेकीलासुद्धा पत्ता नव्हता. तिला एवढंच माहीत होतं की आई ऑफिसात जाते आणि तिथे बोलते.

लेकीला घरात भिंगरी म्हणत, आणि ती होतीही तशीच. पण त्या दिवशी मावशी कामावरून परतली तर भिंगरी पहिल्या मजल्याच्या जिन्यात, कठड्याला बांधलेली. दोरीवरच्या उड्यांच्या दोरीने. आजूबाजूला चिटपाखरू नाही.

"अगं, कुणी बांधलं तुला?"

"खालच्या दादांनी. मी नाजुका आहे."

खालचे दादा म्हणजे तळमजल्यावरचे दोघे भाऊ, दोघेही ढाण्या. एक ढाण्या पुरत नाही म्हणून दोन.

"आणि ते कुठे गेले?"

"जेवायला. मग येणार आहेत वाचवायला."

मावशीने गाठ पाहिली. गाठ कसली, नुसता वेढा होता. हात हलवला असता तरी दोरी पायाशी पडली असती.

"भिंगरे, ही तर तुलाच सुटेल."

"मला सुटेल. नाजुकाला नाही ना सुटत," भिंगरीने समजूत घातली. आईला काही म्हणजे काही कळत नाही, असा तिचा चेहरा होता. "आई, तू हात लावू नकोस. सगळा खेळ बिघडेल."

मावशीने कपाळावर हात मारला. ही पोरगी दिवसभर घर डोक्यावर घेते, कपाटावर चढते, वडिलांना कुस्तीत चीत करते, आणि इथे एका सैल दोरीत भुकेली उभी आहे. का, तर 'वाचव ना' म्हणून थांबायचं असतं. आणि हे शिकवलं कुणी? खुर्चीच्या कडेवर बसून, खांदे वर घेऊन, आपणच की! तिने दुसरं काही सुचेना म्हणून लेकीला दोरीसकट उचललं, आणि त्याच क्षणी तिच्या कमरेत अशी उसण भरली की दोघी जिन्यातच ओरडल्या. एक दुखलं म्हणून आणि दुसरी खेळ बिघडला म्हणून.

दुसऱ्या दिवशी मावशी स्टुडिओत पोचली ती काठी गिळल्यासारखी ताठ. चालता येत होतं, उभं राहता येत होतं, फक्त बसता येत नव्हतं. संध्याकाळचा भाग दुपारपर्यंत वाहिनीकडे पोचवायचा होता. ढाण्याचं काम झकास झालं. कमरेतली कळ आवाजात उतरल्याने तो जरा जास्तच गुरगुरला, एवढंच. मग कानसेनने खुर्चीकडे बोट दाखवलं. मावशीने बसायला गुडघे जरा वाकवले आणि अशी किंकाळी फोडली की काच थरथरली.

"हे ठेवू का?" कानसेनने विचारलं. "मगरीला चालून जाईल."

"उभ्यानेच घेऊ," मावशी म्हणाली. समोर पडद्यावर नाजुका गुहेतल्या खांबाला बांधलेली, डोळ्यांत टपोरे अश्रू. मावशीने तोंड उघडलं. "ढाण्या, वाचव ना! मला फार भीती वाटतेय!"

उशिरा आलेल्या पोराला मुख्याध्यापिकेने शाळेच्या दारातच गाठावं, तसं ते वाक्य बाहेर पडलं. भीती वाटत असलीच तर ती ढाण्याला वाटायला हवी होती. कानसेनने हेडफोन काढले, टेबलावर डोकं ठेवलं आणि त्याची मुरकुंडी वळली.

पुन्हा. भिंतीला टेकून पाहिलं, तर नाजुका वाट पाहून कंटाळल्यासारखी वाटली. जमिनीवर आडवं होऊन, माइक तोंडाशी आणून पाहिलं, तर नाजुका झोपेत बरळतेय असं वाटलं. हसून हसून दोघांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि हसलं की मावशीची कंबर कळवळायची, म्हणून ती "हसवू नकोस रे मेल्या" म्हणून ओरडायची, तेही ढाण्याच्या आवाजात. तेवढ्यात गोंधळ ऐकून साहेब आले. साहेब म्हणजे भरघोस मिशा आणि त्याहून भरघोस पोट.

"हे काय चाललंय? नाचता येईना अंगण वाकडं, तसं बसता येईना आणि खुर्ची वाकडी?"

"खुर्ची सरळच आहे साहेब, वाकडी मी झालेय."

"अहो, पण आवाज गळ्यातून कशाला काढताय? नाकातून! नाजूक, नाजूक! हे असं." आणि साहेब खुर्चीच्या कडेवर बसले. गुडघे जुळवले, खांदे वर घेतले, मिशांसकट हनुवटी आत ओढली आणि म्हणाले, "ढाण्या, वाचव ना!"

हुबेहूब नाजुका. किंबहुना नाजुकापेक्षाही नाजूक. त्या आवाजाने दगडालाही पाझर फुटला असता.

"साहेब," कानसेन भारावून म्हणाला, "तुम्हीच करा."

"मी? मी पुरुष माणूस आहे!" साहेब ताडकन उठले, तसा आवाज पुन्हा खर्जात गेला.

"मी इतकी वर्षं मुलगा आहे," मावशी म्हणाली. "माझं काही बिघडलं का?"

साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी दार नीट लागलंय का ते पाहिलं. "हे बाहेर कुणाला कळलं तर बघा," ते पुटपुटले. मग दटावून म्हणाले, "जमेल तसं पूर्ण करा. पण वाहिनीवरून तक्रार आली, तर सोमवारपासून नाजुकाही गेली आणि ढाण्याही. सांगून ठेवतोय." आणि तरातरा निघून गेले.

मावशीची पाचावर धारण बसली. ढाण्या म्हणजे तिचा जीव होता. ती पडद्याकडे पाहत राहिली. चित्र आधीच बनून आलेलं असायचं, त्यात काडीचाही फरक करता यायचा नाही. तोंड हललं की त्यात शब्द भरायचे, एवढंच मावशीच्या हातात. ढाण्या गुहेत चावी शोधत गरागरा फिरत होता, आणि चावी पहिल्यापासून नाजुकाच्या पायाशीच पडली होती. एरवी कुणाच्या हे लक्षातच आलं नसतं. नाजुका काय आंधळी होती? दिसत होती की तिला. पण बोल असं तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

"कानसेन, पुन्हा घे," मावशी म्हणाली, आणि पाय आणखी फाकवून उभी राहिली.

नाजुकाचं तोंड हललं. "अरे मठ्ठा, मागे बघ! माझ्या पायाशी चावी पडलीय!"

चपखल बसलं. काचेपलीकडे कानसेनने दोन्ही हात वर केले. मग काय, मावशी सुटलीच. जिथे "हाय हाय, आता कसं होणार" होतं तिथे "हळू हळू, आधी पाय पूस" आलं. जिथे "तू किती शूर रे" होतं तिथे "तू किती वेळ रे" आलं. शेवटी ढाण्या कमरेवर हात ठेवून गरजला, "भितोय कोण?" आणि नाजुका पापण्या फडफडवत म्हणाली, "ते जाऊ दे, दोरी सोड." भाग वेळेत गेला. मावशी घरी निघाली तेव्हा तिचे पाय जमिनीवर नव्हते, कमरेचं काय ते कमरेला माहीत.

संध्याकाळी भिंगरी आणि दोघे दादा टीव्हीपुढे बसले. मावशी मागे दाराला धरून उभी. "अरे मठ्ठा" आलं आणि दोघे दादा हसत हसत एकमेकांवर कोसळले. भिंगरी मात्र हसली नाही. ती आ वासून पडद्याकडे बघत होती. मावशी श्वास रोखून तिच्याकडे बघत होती. झालं, कळलं हिला, उद्यापासून कठडा सुटला!

भाग संपला. भिंगरी उठली आणि म्हणाली, "ही खरी नाजुका नाहीये. हिचा घसा बसलाय. खरी उद्या येईल." आणि दोरी घेऊन जिन्यात गेली. मागोमाग दोन्ही ढाण्या.

मावशीचा चेहरा खर्रकन उतरला. नोकरी पणाला लावली, कंबर मोडून घेतली, आणि लेक म्हणते घसा बसलाय! तेवढ्यात फोन वाजला. साहेब होते. मावशीने डोळे मिटून फोन कानाला लावला.

"मावशी, मीच वाहिनीला फोन केला. म्हटलं आपणहून कान धरावेत. तर तिथल्या बाई म्हणाल्या, कुठला बदल? भाग छान होता, ढाण्याचं गुरगुरणं खूप आवडलं." साहेबांनी घसा खाकरला. "अहो, नाजुका काय बोलते ते तिथे आजवर कुणी ऐकलेलंच नाही. तेव्हा तिच्या तोंडात बसेल ते बोला, माझी काही हरकत नाही."

मावशीला हसावं की रडावं कळेना. तिने फोन ठेवला आणि तशीच जिन्यात गेली. दादांना त्यांच्या आईने हाक मारलेली होती, ते पसार. भिंगरी कठड्याला टेकून, दोरीच्या वेढ्यात, शहाण्यासारखी उभी.

मावशी तिच्यासमोर उभी राहिली. शपथ गेली चुलीत. "भिंगरे, तुला एक गुपित सांगते. ढाण्या मी आहे."

"काहीतरीच. तू आई आहेस."

मावशीने पाय फाकवले, कमरेवर हात ठेवले. "भितोय कोण? इथे ढाण्या आहे!"

जिना दणाणला. भिंगरीचे डोळे बशीएवढे झाले. तिने आईच्या तोंडाकडे पाहिलं, मग आईच्या मागे, कुणी लपलंय का तेही पाहिलं. "पुन्हा म्हण." मावशीने पुन्हा म्हटलं. भिंगरी खुदकन हसली, मग खदाखदा हसायला लागली, आणि मग एकदम बोटं मोजायला लागली. मोठा हिशेब चालला होता.

"मग नाजुका कोण?"

"तीही मीच."

"म्हणजे तूच ओरडतेस, वाचव म्हणून?"

"हो."

"आणि तूच येतेस वाचवायला?"

"हो गं."

भिंगरीने कपाळाला आठ्या घातल्या. "मग दर वेळी एवढा उशीर का लावतेस?"

आणि उत्तराची वाट न बघता भिंगरीने स्वतःच एक हात बाहेर काढला, दुसरा काढला, दोरी पायाशी पडू दिली आणि भूक लागली म्हणून दोन दोन पायऱ्या एकदम चढत घरात पळाली.