गाळलेली ओळ

१९८४ साली बर्व्यांनी नाचणे रोडमागच्या आळीतली आपली जागा विकली आणि ते मुलाकडे पुण्याला गेले. त्यांच्याआधी लेले गेलेच होते. जुन्यांपैकी आता पद्मजा आणि तिचा नवरा श्याम एवढेच उरले. श्याम कोर्टात कारकून होता.

बर्व्यांची जागा केरूने घेतली. तो लांज्याकडचा. मुंबईतली गिरणी संपात गेली, तेव्हा तो वेल्डर म्हणून दुबईला गेला होता. वर्षभरात बर्व्यांच्या जागेवर स्लॅबचं घर उभं राहिलं, खिडक्यांना रंगीत काचा लागल्या. बायको सखू मुलीला घेऊन राहायला आली. कालपरवापर्यंत गुडघाभर चिखलात भात लावणारी सखू मिक्सरवर चटणी वाटायची, आणि त्याची घरघर ऐकू आली की पद्मजा पाट्यावरचा वरवंटा उगाच जोरात ओढायची.

सखूला वाचता येत नव्हतं. केरूचं पत्र आलं की ती पद्मजाकडे यायची. पडवीत खालीच बसायची, पदर सारखा करून म्हणायची, "वैनी, काय लिवलानी बघा की."

पद्मजाला ते बरं वाटायचं. एवढं तरी आपल्याकडे आहे, असं वाटायचं.

पत्रांत कामाचं, उकाड्याचं, मुलीच्या शाळेचं असायचं. एकदा मात्र शेवटी केरूने लिहिलं होतं, 'तुझ्या हातची पेज आठवते. जेवायला बसलो की तू समोर असावीस असं वाटतं.' पद्मजा थबकली. एकोणीस वर्षांत श्यामने, तू जेवलीस का, एवढंही कधी विचारलं नव्हतं. स्लॅब आणि मिक्सर तिने कसेबसे पचवले होते. हे पचेना.

"बाकी सगळं ठीक आहे म्हणतोय," असं म्हणून तिने पत्राची घडी घातली.

पुढे तसल्या ओळी ती गाळतच गेली.

८६ च्या एप्रिलमध्ये पत्र आलं. 'बारा मेला सकाळी विमान उतरेल. पोरीला आईकडे ठेव आणि तू एकटी मुंबईला ये. चार दिवस दोघंच राहू. तुला मुंबई दाखवतो.'

पद्मजाने वाचलं, "बारा मेला येतो. तू घरीच थांब."

सखू हरखून गेली आणि घर सारवल्यासारखं पुसायला लागली.

केरू एसटीने एकटाच आला, तोंड पाडून. दुसऱ्या दिवशी दुपारी सखू ते पत्र घेऊन आली. पद्मजा अंगणात ताटांत आंब्याची साठं वाळत घालत होती.

"वैनी, हे विमानतळावर दुपारपर्यंत उभे होते. माझी वाट बघत. मी म्हटलं, वैनींना अक्षर लागलं नसंल."

पळवाट समोर होती. पद्मजाने ताटावरचा हात काढला नाही.

"लागलं होतं," ती म्हणाली.

"मग?"

"मला बघवलं नाही गं."

"माझं घर तुमाला बघवत नाय, ते मला ठावं होतं. म्हणून तर नवी वस्तू घेतली तरी तुमाला दाखवायला बोलावलं नाय कधी. पण हे पण?"

सखूने पत्र पोलक्यात ठेवलं आणि ती निघून गेली.

रजेच्या शेवटच्या आठवड्यात ती दोघं मुंबईला जाऊन आली. जूनपासून सखू बायकांच्या प्रौढ शिक्षण वर्गाला जाऊ लागली. पद्मजाच्या पडवीची पायरी ती पुन्हा चढली नाही. रस्त्यात भेटली तर "बरंय ना?" एवढंच.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी पोस्टमन सखूकडे पत्र टाकून गेला. ती आपल्या पायरीवर बसून एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचू लागली. ओठ हलत होते. मध्येच ती थांबली, कोणी बघत नाही ना हे पाहिलं, आणि तीच ओळ पुन्हा वाचून हसली.

पद्मजा खिडकीआड उभी होती. त्या ओळीत काय असेल, याचा ती बराच वेळ विचार करत राहिली. आता ती ओळ तिच्याकडे वाचायला कोणी आणणार नव्हतं.

"चहा टाकतेस ना?" आतून श्यामने विचारलं.

"टाकते," ती म्हणाली, पण हलली नाही.