भिजल्या पायांचा मनोरा

मित्रांनो, मी एक जुना मनोरा आहे. उत्तर जर्मनीतल्या एका बंदराच्या शहरात, ल्यूथरपंथी चर्चच्या दारावर साडेसहाशे वर्षं उभा आहे. इथे डोंगर नाहीत, दगड नाही, म्हणून मला लाल विटांनी रचलं. खाली नुसता चिखल! गवंड्यांनी त्यात ओकच्या लाकडाचे नऊशे खांब ठोकले आणि त्यांवर मला उभं केलं. तेव्हापासून माझे पाय पाण्यात आहेत.

माझ्या डोळ्यांदेखत कॅथलिक चर्च ल्यूथरपंथी झालं. भिंतींवरचे रंगीत संत चुन्याखाली गेले, लोक आपल्या बोलीत गाऊ लागले. युद्धात माझा कळस जळाला, दोन घंटा तोफांसाठी वितळवल्या गेल्या. लोकांनी पुन्हा सगळं उभं केलं. खरं सांगतो, मला वाटलं, आता कशाचं भय नाही.

पण विबकेबाई आली. चर्चची झाडलोट आणि देखरेख तिच्याकडे. भारी टापटिपीची बाई! तळघरातली ओल पाहून तिचा जीव वरखाली व्हायचा. तिने पाळकसाहेबांच्या, म्हणजे इथल्या धर्मगुरूंच्या, मागे लागून तिथे पंप बसवून घेतला. आठ वर्षं तो पाणी उपसत होता. तळघर लख्ख कोरडं झालं आणि सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. माझे पाय मात्र कुजू लागले. मला ओरडता येत नव्हतं.

मग दारावरच्या भिंतीला चीर पडली. गवंड्याने तिच्यावर प्लास्टरची बोटभर पट्टी लावून तारीख लिहिली. पट्टी तुटली तर भिंत हलते आहे, असं समजायचं. मित्रांनो, तीच माझी जीभ.

दृढीकरणाच्या आदल्या शनिवारी पट्टी तुटली. दुसऱ्या दिवशी बावीस मुलं वेदीपुढे उभी राहून आपला विश्वास बोलून दाखवणार होती. आणि त्याआधी, शनिवारीच संध्याकाळी सहाला, रीतीप्रमाणे, चारही घंटा वाजणार होत्या. चार घंटा झुलल्या की मी मुळापासून हलतो.

विबकेबाई धावतच पाळकसाहेबांकडे गेली. पाळक आलर्स हसले. "अहो विबकेबाई, प्लास्टरच ते, तडकायचंच! घंटा नाही वाजल्या तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

"घालू देत! त्या बावीसांत माझी नात आहे. उद्या ती याच दारातून आत येणार."

"मग काय करू म्हणता?"

"मी नवी पट्टी लावते. सुकली की एकटी धाकटी घंटा वाजवा. पट्टी टिकली तर सगळ्यांसमोर तुमची माफी मागते."

तिने स्वतः प्लास्टर कालवलं. तासाभराने पाळकसाहेबांनी धाकटीचा दोर ओढला. विबकेबाई पट्टीला नाक लावून उभी. एक ठोका. दोन. एरवी मी थरथर गिळून टाकतो. आज गिळली नाही. सातव्या ठोक्याला पट्टी टकन् तुटली, आणि एक वीट निखळून पाळकसाहेबांच्या बुटाशी पडली.

त्यांनी दोर सोडला. चेहरा पांढराफटक! "दार बंद करा," एवढंच ते म्हणाले.

मुलांचं दृढीकरण मासळीच्या लिलावघरात झालं. विबकेबाईची नात बर्फाच्या पेट्यांच्या रांगांमध्ये उभी राहून खणखणीत बोलली.

पुढे कारागिरांनी पाया उकरला. खांबांची डोकी भुसा झाली होती. "ओक पाण्यात शेकडो वर्षं टिकतो हो," त्यांतला म्हातारा म्हणाला. "उघडा पडला की मेला. इथलं पाणी कुणी काढलं?"

विबकेबाई तळघरात गेली, तिने स्वतःच्या हाताने पंप बंद केला आणि भिंतीला हात लावून रडली. "आठ वर्षं तुझे पाय पुसत होते रे मी! मला वाटलं, तुला बरं वाटतंय."

माझा तिच्यावर राग नाही. दोन वर्षं कारागिरांनी मला टेकू देऊन खांबांची डोकी बदलली, आणि घंटा पुन्हा वाजल्या. मित्रांनो, आम्हां जुन्यांना जरूर जपा. पण जपण्याआधी, आम्ही कशावर उभे आहोत ते पाहा. विबकेबाई आता दर शनिवारी पट्टी पाहायला येते. तळघरात घोटाभर पाणी साचलंय. ती ते पुसत नाही.