डाव्या सीटवरचा माणूस

माझ्या मुलीने, सावनीने, युनीच्या म्हणजे युनिव्हर्सिटीच्या हॉस्टेलचं पत्र मला फॉरवर्ड केलं तेव्हा मी टार्निटमध्ये एका बाईंना रिव्हर्स पार्किंग शिकवत होतो. गाडी कडेला घ्यायला लावून मी पत्र उघडलं. 'एकूण साहाय्य' असं लिहून पुढे जो आकडा होता तो बघून मी इतका खूश झालो, की त्या बाईंना वीस मिनिटं जास्त शिकवलं, तीही फुकट. घरी पोचेपर्यंत माझे तीन फोन करून झाले होते. पोरीला पूर्ण स्कॉलरशिप! राहणं, जेवण, सगळं! तिघांपैकी एक आमच्या मंडळाचा सेक्रेटरी संजीव. शॉपिंग सेंटरमध्ये त्याचं औषधांचं दुकान आहे, त्यामुळे त्याला सांगितलं की वेगळी जाहिरात करावी लागत नाही.

जानेवारी २०२१ चालू होता. आधीचं वर्ष मेलबर्नमध्ये कसं गेलं ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. मी ड्रायव्हिंग इन्स्ट्रक्टर. लॉकडाऊनमध्ये लेसन बंद, त्यामुळे महिनोन्‌महिने घरात. शैला, माझी बायको, एज्ड केअरमध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात कामाला, ती मात्र मास्क आणि गाऊन चढवून रोज शिफ्टला. आणि सावनीची बारावी लॅपटॉपवर. त्यातही कटकटी कमी नव्हत्या. शाळेतून मेल आला की तुमच्या मुलीचा माइक चालत नाही. मी महागातला हेडसेट मागवला, तोही म्हणे चालेना. त्या दुकानदाराला मी फोनवर अर्धा तास झापलं. शिवाय बाईसाहेब अभ्यासाला बसायच्या कुठे, तर गॅरेजमध्ये, माझ्या लेसनच्या गाडीत. चार बेडरूमचं घर घेतलंय ते कशाला, असं मी दिवसातून एकदा तरी विचारायचो.

तरीही पोरीने फिजिओथेरपीला प्रवेश मिळवला. युनी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. घरून दोन ट्रेन आणि एक बस, जायला दोन तास, यायला दोन, आणि प्रॅक्टिकल सकाळी आठला. त्यामुळे हॉस्टेल मिळालं तर हा कोर्स, नाहीतर घराजवळ मिळेल ते, असं साधं गणित होतं.

माझ्या आनंदावर पाणी ओतलं ते मेधाने. मेधा ही शैलाची मैत्रीण, ग्लेन वेव्हर्लीच्या एका शाळेत करिअर काउन्सेलर. शैलाने तिला पत्र पाठवलं आणि फोन स्पीकरवर टाकला.

"हे बघ श्रीनिवास, यात तीन ओळी आहेत," मेधा म्हणाली. "पहिली बर्सरी, ती परत द्यायची नाही. दुसरी लोन आहे. ते पैसे हॉस्टेल आत्ता मागणार नाही, पुढच्या वर्षी मागेल. तिसरी म्हणजे त्यांच्या डायनिंग हॉलमधली नोकरी, आठवड्याला बारा तास भांडी. तिन्हींची बेरीज करून वर 'एकूण साहाय्य' लिहिलंय."

"म्हणजे खरं फुकट किती?"

"साधारण चौथा हिस्सा."

त्यावर मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

"अरे, माझे कान गेले," मेधा म्हणाली. "ओरडून काय होणार? रिव्ह्यू मागता येतो. पंधरा दिवसांत अपील करा."

अपील म्हटल्यावर मला जोर चढला. घासाघीस करण्यात मी कोणाला हार जाणारा नाही. मी त्याच दिवशी तीन पानं लिहून काढली. सावनीचे मार्क, तिचं भरतनाट्यम, मंडळात तिने केलेली कामं, शिवाय आमचं कुटुंब कसं सुशिक्षित आणि समाधानी आहे, कशाची कमी नाही, तरीही एवढ्या हुशार मुलीला एवढीशी मदत देणं तुमच्यासारख्या संस्थेला शोभत नाही, वगैरे. मेधाने ते वाचलं आणि हसत सुटली.

"तू लग्नाचा बायोडेटा लिहिलायस. त्यांना मार्क माहीत आहेत. त्यांना अडचण सांगायची असते. घरून शिकणं का शक्य नाही, मागच्या वर्षी काय सोसलं, ते."

"आम्हाला कसली अडचण?" मी म्हणालो. खरंच म्हणालो. लेसन बंद होते तेव्हाही मी बाहेर कोणाला चकार शब्द बोललो नव्हतो. आपल्या घरातलं चव्हाट्यावर मांडून पैसे मागायचे, हे मला पटेना.

"मी लिहिते, बाबा," सावनी म्हणाली. "इट्स माय अॅप्लिकेशन."

लिहिलं तिने. काय लिहिलं ते विचारलं, तर "स्टफ" एवढंच उत्तर. मला वाटलं, माझं काम गेलं होतं त्याबद्दल असेल. थोडा राग आला, पण गिळला.

दहा दिवसांनी, बुधवारी, ती माझ्यासमोर डायनिंग टेबलाशी येऊन उभी राहिली. हातात चार कागद.

"बाबा, दे सेड येस. पूर्ण बर्सरी. लोन नाही, डिशेस नाहीत."

मी उठून टाळी वाजवणार तेवढ्यात ती म्हणाली, "पण घरच्या मोठ्या माणसाचं स्टॅट डेक हवंय. शुक्रवारी पाचपर्यंत. तुम्ही साइन करायचंय. आय नीड यू टू रीड इट फर्स्ट. प्लीज, आधी वाचा."

स्टॅट डेक म्हणजे प्रतिज्ञापत्र. फार्मासिस्टसमोरही करता येतं. आपण लिहायचं, खरं आहे अशी प्रतिज्ञा करायची, त्याने साक्षीची सही ठोकायची. तिने कागद ठेवले आणि ती गॅरेजमध्ये निघून गेली. सोबत जोडलेलं तिचं निवेदन मी वाचायला घेतलं. इंग्रजीत होतं, मी माझ्या मराठीत सांगतो.

'माझा माइक कधीच बिघडला नव्हता. वर्गात बोलायला सांगितलं की मी चॅटवर लिहायचे, माइक चालत नाही. मी अनम्यूट केलं असतं तर माझ्या वडिलांचा आवाज सगळ्या वर्गाला ऐकू गेला असता. इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत माझे मार्क त्यामुळे गेले.'

मी ही ओळ परत वाचली. वाटलं, दुसऱ्याच कोणाचा कागद यात आलाय. वरचं नाव बघितलं. सावनीचंच होतं.

'माझे वडील वाईट नाहीत. त्यांनी मला कधी मारलेलं नाही. ते मिठासाठी ओरडतात, कचऱ्याच्या बिनसाठी ओरडतात, बातम्यांवर ओरडतात. मागच्या वर्षी ते पूर्ण दिवस घरी होते. आमच्या घराला मध्ये भिंती कमी आहेत. गॅरेजच्या दाराचा आवाज आला की मी आणि आई टीव्ही बंद करतो आणि उभ्या राहतो. का उभ्या राहतो ते मला माहीत नाही.'

मी उठून एसी बंद केला. चाळीस डिग्रीचा दिवस होता.

'मी अभ्यास त्यांच्या लेसनच्या गाडीत केला. त्यांनी मला ड्रायव्हिंग शिकवलं तेव्हा त्या गाडीत ते एकदाही ओरडले नाहीत. मी राउंडअबाउटच्या मध्यावर गाडी थांबवली, मागे ट्रक हॉर्न वाजवत होता, तेव्हा ते म्हणाले, घाबरू नकोस, वेळ घे. त्या डाव्या सीटवरच्या माणसाबरोबर मला राहायला आवडलं असतं. पण तो घरात येत नाही. म्हणून मला हॉस्टेलची खोली हवी आहे.'

पुढे तिची सही होती. एवढं झाल्यावर मी काय करावं? मी तेच केलं जे नेहमी करतो. "शैला!" म्हणून अशी हाक मारली की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. आणि मग मी ऐकलं. किचनमधला नळ बंद झाला. हातातलं भांडं अलगद खाली ठेवल्याचा आवाज आला. पंधरा वर्षं हे होत असणार, मी ते कधी ऐकलंच नव्हतं.

शैला दारात आली. ओले हात तिने छातीशी धरले होते.

"हे तू वाचलंयस?" मी विचारलं. आवाज खाली आणायचा म्हटलं तर कुठून आणतात तेच मला कळेना.

"तिने पाठवायच्या आधी दाखवलं होतं."

"आणि तू पाठवू दिलंस?"

"खोटं काय आहे त्यात?"

"मी राक्षस आहे का, शैला? मी तुमच्यासाठी..." चारशे लोकांना लायसन्स मिळवून दिलं मी. कोणालाही विचारा, श्रीनिवाससारखा शांत इन्स्ट्रक्टर नाही म्हणून सांगतील. ऑनलाइन रिव्ह्यू आहेत तसे. मी ते शैलाला सांगायला लागलो.

"माहितीये," ती म्हणाली. "मी वाचते ते रिव्ह्यू. कधीकधी रात्रीच्या ब्रेकमध्ये वाचते."

मी खाली बसलो. मला इतकी लाज वाटली की तिच्याकडे बघवेना.

"सही तर तूही करू शकली असतीस," मी कागदाकडे बघत म्हणालो. "घरचं मोठं माणूस एवढंच लिहिलंय."

"मी म्हटलं तिला. पेन काढून बसले होते. ती म्हणाली, नाही, बाबांनीच करायची."

गुरुवारभर मी त्या कागदांभोवती घुटमळलो. खोटं बोलणार नाही, पळवाटा शोधल्या. वडिलांची तब्येत बरी नसते, असं लिहिलं तर? घर लहान आहे, असं? मेधाला विचारावं, तर तिलाही कळणार. संजीवकडे न जाता दुसरा फार्मासिस्ट गाठावा, तर शुक्रवारी माझे लेसन चारपर्यंत आणि जवळ तेच एक दुकान. एकदा तर मनात आलं, सहीच करू नये, राहू दे घरी, मी सुधारेन, आता कळलंय ना मला. हा विचार मला सगळ्यात आवडला, आणि तोच सगळ्यात नीच होता. शुक्रवारी सकाळी लेसनला निघण्याआधी मी प्रतिज्ञापत्रावर माझ्या हाताने लिहिलं: मी सावनीचा पिता. सोबतचं निवेदन मी वाचलं आहे. आमच्या घरी असंच घडतं.

साडेचारला सावनीच मला संजीवच्या दुकानात घेऊन गेली. शिकाऊ ड्रायव्हरची एल प्लेट लावून ती चालवत होती, मी शेजारी. "डावीकडे," एवढंच मी म्हणालो, आणि तिने इंडिकेटर दिला.

दुकानात सगळे मास्क लावून, जमिनीवरच्या खुणांवर अंतर राखून उभे होते. काउंटरवर प्लास्टिकची काच. त्यामागून संजीवने मला ओळखलं.

"या, स्कॉलरशिपवाले! पेढे कुठायत?"

मी काचेखालून कागद सरकवले. तो वाचेल म्हणून तिचं निवेदन मी सगळ्यात खाली ठेवलं होतं. त्याने फक्त पानं मोजली, लायसन्सवरचं नाव पडताळलं आणि माझी सही घेतली.

"मी आतलं वाचत नाही हां. तू फक्त हे वाक्य माझ्यासमोर मोठ्याने म्हणायचंस. कायदाच आहे तसा."

ते वाक्य कागदावर छापलेलं होतं. मी म्हणालो. निदान मला वाटलं की म्हणालो.

"काय? अरे, मास्कमुळे काही ऐकू येत नाही," संजीव म्हणाला. "जरा मोठ्याने बोल."

मी परत म्हणालो. माझ्या मागच्या बाईंनी खोकला दाबला. संजीवने कानाला हात लावला.

"श्रीनिवास, तुला काय झालंय? नेहमी तर सगळ्या मंडळाला ऐकू जातोस. मोठ्याने बोल रे."

मी मास्कमध्ये श्वास भरून घेतला आणि म्हणालो, "मी, श्रीनिवास, प्रतिज्ञेवर सांगतो, की यातला सगळा मजकूर खरा आणि बरोबर आहे." पूर्ण दुकानाला ऐकू गेलं. संजीवने मान डोलावून शिक्का उचलला. शेजारी, टूथपेस्टच्या शेल्फपाशी उभी असलेली सावनी एक पाऊल मागे सरकली.