मॅनरिंग की मेनवेअरिंग

रविवारी दुपारी हिल्सबरोच्या घरापुढे रॉजरची गाडी थांबली आणि मृदुलाने खिडकीतून आधी त्यांच्या हातांकडे पाहिलं. एका हातात किवीफ्रूटची पेटी, दुसऱ्या हातात फाईल. फाईल मागच्या खेपेपेक्षा जाड होती.

"आले," ती म्हणाली. तिचा नवरा प्रमोद लगबगीने मागच्या अंगणात गवत कापायला निघून गेला. परवाच कापलेलं गवत.

रॉजर म्हणजे तिचे होणारे व्याही, होणाऱ्या जावयाचे, फिनचे वडील. टौरंगाला किवीफ्रूट पेट्यांत भरणाऱ्या पॅकहाउसमध्ये चाळीस वर्षं काढून निवृत्त झालेले, बायको गेलेली. माणूस सज्जन, फक्त आडनावाचा विषय निघाला की आवरत नसत. आणि तो विषय मृदुलानेच काढला होता. लेकीच्या, वल्लरीच्या लग्नाची मराठी पत्रिका पुण्यात छापायची होती, म्हणून तिने फोनवर सहज विचारलं, "तुमचं आडनाव नेमकं कसं म्हणायचं?"

त्याला दीड महिना झाला होता.

लिहिताना ते मेनवेअरिंग, म्हणताना मॅनरिंग. पहिलं प्रूफ मेनवेअरिंग असं आलं, तिने ते वाचून दाखवल्यावर रॉजरनी उच्चार चुकलाय म्हणून परत पाठवलं. दुसरं मॅनरिंग असं आलं, तर मधला 'वारिन' कुठे गेला म्हणून ते हळहळले. मृदुला फार्मासिस्ट. आठवडाभर लोकांच्या नावांतली अक्षरं तपासायची, एक चुकलं तर एकाची गोळी दुसऱ्याच्या पोटात. रविवारी तरी तिला नावं नको असायची.

चहा पुढे येईपर्यंत रॉजरनी टेबलभर कागद पसरले होते.

"हे बघा, नॉर्मंडीतलं मेनिल वारिन. वारिन नावाच्या माणसाची वस्ती. इंग्लंड जिंकायला निघालेल्या विल्यमबरोबर आमचे लोक तिकडे आले असं म्हणतात. मग चेशरमध्ये जमीन मिळाली. कारकून ऐकतील तसं लिहीत गेले. एकाने मोजलं तर एकशे एकतीस स्पेलिंगं भरली!"

"म्हणजे आमच्यासारखंच," मृदुला कंटाळून म्हणाली. "गावावरून आडनाव. पाटणचे ते पाटणकर. तुम्ही वारिनवाडीकर."

बोलायला नको होतं. रॉजरनी खिशातून पेन काढलं. "परत सांगा. वारिन... वाडी?"

तेवढ्यात पुण्याहून तिच्या भावाचा, सुयशचा फोन आला. "ताई, आज शेवटचं सांग. प्रेसवाला आता मला बघून शटर ओढतो."

"पाच मिनिटं थांब," म्हणून तिने फोन ठेवला. वल्लरी सोफ्यावरून म्हणाली, "मम, जस्ट पिक वन. फिन डझन्ट केअर."

"फिनला नसेल फरक पडत," रॉजर म्हणाले. "मला वाटतं, मूळ रूपच छापावं. द मेनिलवारिन."

मृदुलाने कप आपटला. "रॉजर, साडेनऊशे वर्षांपूर्वी कोण कुठल्या बोटीतून उतरलं याच्याशी आमच्या कोथरूडच्या आत्याबाईंना काय करायचंय? त्या वारिनच्या रक्ताचा एक थेंब तरी आज तुमच्यात असेल का?"

"एकही नाही," रॉजर म्हणाले.

ते कागद गोळा करू लागले. "मी नऊ महिन्यांचा असताना मॅनरिंग नवराबायकोने मला दत्तक घेतलं. तेव्हा असल्या फाइली सरकार बंद करून ठेवायचं. पुढे उघडायची सोय झाली, मी अर्जही केला. जन्मदात्या आईचं नाव मिळालं, पण ती तोवर गेली होती. वडिलांच्या नावाची जागा कोरी. मग म्हटलं, जे मिळालंय तेच नीट शोधू."

वल्लरीने फोन खाली ठेवला. बाहेर गवताचं मशीन चालूच होतं. मृदुलाला आपण काय बोलून बसलो ते कळलं.

"सॉरी. मला माहीत नव्हतं."

"फिनला माहीत आहे. बाकी कुणाला मी सांगत नाही."

तिने खुर्ची त्यांच्या शेजारी ओढली. कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, मॅनरिंग. "तुमचे आईवडील तुम्हाला हाक मारताना काय म्हणायचे?"

"चिडले की रॉजर मॅनरिंग."

"मग झालं तर. हेच छापू."

रॉजरनी बोटाने अक्षरं गिरवली. 'मॅ'वरच्या चंद्रापाशी बोट थांबलं. "हे काय?"

तिने समजावलं. त्यांनी स्वतः लिहून पाहिलं. चंद्र आडवा झाला. पुन्हा लिहिलं, तर 'र'ची वेलांटी भलत्याच बाजूला. मृदुलाने सुयशला फोन लावला आणि नाव सांगितलं, अक्षर अक्षर सुटं करून.

"फायनल ना ताई?"

"फायनल."

"एक मिनिट," रॉजर म्हणाले. मृदुलाने डोळे मिटून घेतले. "त्यांना विचारा ना, मराठीत याची आणखी किती स्पेलिंगं होऊ शकतात?"

तिने फोन सरळ त्यांच्याच हातात दिला आणि दुसरा चहा टाकायला उठली.