सपनाच्या दोन नोंदी

मित्रांनो, मंगरूळपीरला एस.टी. स्टँडमागे एका संस्थेच्या कार्यालयात मी राहतो. मी एक जुना संगणक. आता माझ्यावर कापड टाकलेलं असतं. पण एके काळी सगळी खोली माझ्याभोवती चालायची.

सिकलसेल या रक्ताच्या आजारावरच्या संशोधनासाठी मला आणलं होतं. गावोगावच्या तपासणी शिबिरांतल्या नोंदी माझ्याकडे यायच्या, तशाच निरनिराळ्या दवाखान्यांतल्याही. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. कुणी नाव मराठीत लिही, कुणी इंग्रजीत. कुणी जन्मतारीख देई, कुणी नुसतं अंदाजे वय. हे सगळं जुळवायचं काम आरजूचं. सकाळी आली की ती ओढणीच्या टोकाने माझा पडदा पुसायची. अकोल्याचे डॉक्टर भेटीला आले की म्हणायचे, "सगळा जिल्हा या डब्यात आहे." मला ते खरं वाटायचं.

रिठद गावचे शेतकरी ग्यानबा आपल्या लेकीला, सपनाला, शिबिरात घेऊन आले होते. तिला सिकलसेल निघाला. पुढे एकदा तापात दिलेल्या इंजेक्शनाने तिचा श्वास कोंडला. ती थोडक्यात वाचली. ग्यानबांनी मुद्दाम इथवर येऊन त्या औषधाचं नाव आरजूला दिलं. तिने ते माझ्यात लिहिलं.

"काकाजी, आता फिकर नोका करू. कम्प्युटरात टाकलं मी."

"मंग झालं," म्हणून ते निर्धास्त गेले.

काही काळाने सपना तपासणीला येईनाशी झाली. ज्यांचा पत्ता लागत नसे त्यांची नावं मी लाल अक्षरांत दाखवायचो. एका दुपारी आरजूने ग्यानबांना फोन लावला.

"काकाजी, सपनाताईले तपासणीले पाठवा ना. लय दिवस झाले."

पलीकडून ग्यानबांचा आवाज आला, "सपना तं गेली, बाई. बाळंतपणात. तूर सोंगनीच्या दिवसात."

दुसऱ्या दिवशी ते स्वतः आले आणि झालेलं सगळं त्यांनी सांगितलं. लग्न होऊन सपना दुसऱ्या तालुक्यात नांदायला गेली होती. बाळंतपणात तिला ताप भरला, ती शुद्धीवर नव्हती. तिचा नवरा अनुप दवाखान्यात सांगत होता, हिला एक इंजेक्शन चालत नाही, नाव मला ठाऊक नाही, पण रिठदच्या तपासणीत लिहिलेलं आहे. तिथल्या डॉक्टरांनी त्यांच्या संगणकात पाहिलं. तो माझ्याशी जोडलेलाच नव्हता. त्यांना काही सापडलं नाही. तेच इंजेक्शन दिलं गेलं. मुलगी जन्मली आणि वाचली. सपना वाचली नाही.

आरजूने माझ्यात शोधलं. त्या दवाखान्याच्या नोंदी मागाहून माझ्याकडे आल्या होत्या. त्यांत एक ओळ होती : सपना अनुप, वय अंदाजे बावीस, मृत. आणि लाल अक्षरांत दुसरी होतीच : सपना ग्यानबा, रिठद, संपर्क नाही. लग्नानंतर नाव बदललं, म्हणून ही एकच बाई आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"म्हंजे तुमच्या इथं माही पोरगी आजवरी जिती हाये?" ग्यानबांनी विचारलं.

"हो, काकाजी. आता दोन्ही नोंदी एक करा लागतीन." आरजूने कळफलक पुढे ओढला. "मी तुमाले म्हनलं होतं, फिकर नोका करू."

"तू तं लिवलं होतं, माय. तू लिवलं होतं."

ते खुर्ची ओढून माझ्याजवळ आले. "थोडा वेळ राहू दे तिले तशीच," म्हणाले.

आरजूने कळफलकावरून हात काढून घेतला. बाहेर स्टँडवर पोहरादेवीच्या गाडीचा पुकारा चालला होता. ग्यानबा ती लाल ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिले. मग मान खाली घालून म्हणाले, "कर आता."

तिने कळ दाबली. पहिल्यांदा नोंदी जुळल्या होत्या तेव्हा या खोलीत पेढे वाटले होते. ही नोंद जुळली तेव्हा ग्यानबांनी खुर्ची उचलून जागेवर ठेवली.

त्यानंतर आरजू प्रत्येक बाईच्या नोंदीत माहेरचं नाव लिहू लागली. पुढे नवा संगणक आला, मी कोपऱ्यात गेलो. त्याचं मला दुःख नाही.

मित्रांनो, तुमच्यातलं कुणी डॉक्टर होईल, कुणी माझ्यासारखी यंत्रं चालवील. समोर एखादी बाई आली तर तिला विचारा, लग्नाआधी तुझं नाव काय होतं, तू कुठल्या गावची. आणि घरातल्या कुणाला एखादं औषध चालत नसेल, तर त्याचं नाव स्वतः पाठ करून ठेवा. संगणकात लिहिलं आहे म्हणून निर्धास्त राहू नका. आमच्यात लिहिलेलं असतं. पण पुष्कळदा ते आमच्यातच राहून जातं.