बाहेरची हवा

"अक्का, मासा वर येई राह्यनात," शिडीवरून गिरधर पेंटर म्हणाला.

प्रमिलाबाई हात पुसतच स्वयंपाकघरातून आल्या. कोपऱ्यातल्या काचेच्या टाकीत चारही गोल्डफिश तोंड वर काढून हवा गिळत होते. त्यांतला सगळ्यात जाडा, ज्याला सुनेनं 'शेठ' नाव ठेवलं होतं, तो तर कलंडायच्या बेतात होता.

"खिडक्या?"

"बठ्ठ्या उघड्या शेतस. पन ऑइलपेंट शे, वास त येईच."

साधा रंग चालणार नव्हता. भिंतीवर हत्ती होते, सोंडेत फुगे धरलेले. सुनेच्या सातव्या महिन्यात योगेंद्रनं, प्रमिलाबाईंच्या मुलानं, ते हौसेनं काढून घेतले होते. साध्या रंगाचे दोन हात देऊनही ते आतून डोकावतच राहिले. बाळ धुळ्याच्या दवाखान्यात जन्मलं, पण रडलंच नाही. उद्या सून मेघा माहेराहून धरणगावला परत येणार होती आणि ती यायच्या आधी हत्ती जायला हवे होते. हे प्रमिलाबाईंनाही पटत होतं.

पण मासे जगायला हवे होते. बाळंतपणाला जाताना मेघा एवढंच म्हणाली होती, "आई, मासे सांभाळा." तेव्हा प्रमिलाबाईंनी नाक मुरडलं होतं. माणसांनी हंडाभर पाण्यासाठी नळाची वाट बघायची आणि या महाराजांना आख्खी टाकी. आता मात्र त्या टाकीवाचून त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. या घरात तिचं म्हणून आणखी काही मरू द्यायचं नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं. भरलेली टाकी हलवली तर काच तडकणार. मागे एकदा बादलीत काढून ठेवलेला मासा उडी मारून मेला होता, म्हणून तीही वाट बंद.

"मेले तर मेले, आई," दारात उभा असलेला योगेंद्र म्हणाला. भिंतीकडे त्यानं पाठ केली होती. "जळगावहून तसेच दुसरे आणू. तिला कळणारही नाही."

"दुसरा आणू," प्रमिलाबाई म्हणाल्या. "तिले बठ्ठा हाईच सांगतस. वय शे आजून, दुसरं व्हई. मी बी हाईच सांगं व्हतं. तिनी भिंतकडे तोंड फिराई लिधं."

योगेंद्र दारातून बाजूला झाला.

प्रमिलाबाईंचा जन्म जिनिंगमध्ये कापूस निवडण्यात गेला होता. तिथे धूळ नाकात जाऊ नये म्हणून बाया तोंडाला ओलं फडकं बांधत. टाकीचंही तोंड बांधायचं त्यांनी ठरवलं. कापड मऊ हवं, पाणी धरून ठेवणारं हवं. तसं कापड घरात एकच होतं. ट्रंकेच्या तळाशी बाळुती होती, हिरव्या काठाचं जुनं लुगडं सासूसुनेनं मिळून फाडून केलेली. कुणाला तरी देऊन टाक, असं योगेंद्रनं सांगितलं होतं. त्यांच्यानं ते झालं नव्हतं. त्यांनी चार काढली, क्षणभर मांडीवर धरली आणि पाण्यात बुडवून टाकीवर पसरली.

थोड्या वेळानं कोपरा उचलून पाहिलं, तर मासे वरच. आणि आतला वास बाहेरच्यापेक्षा उग्र. त्या वाकल्या. बुडबुड्यांनाच रंगाचा वास येत होता. बुडबुड्यांची नळी धरत धरत त्या हवेच्या पंपापाशी पोचल्या. तो फळीवर, गिरधरच्या डब्याशेजारी, इमानेइतबारे घरघरत होता. खोलीतला सगळा वास ओढून पाण्यात सोडत होता.

"वा रे मी," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "तोंड बांधं आनि नाक उघडं ठेवं."

पंप बाहेर न्यायचा तर नळी आखूड. त्या तशाच शेजारच्या रुपचंदनानांच्या ओट्यावर गेल्या. तिथे शेतातल्या ठिबकच्या नळ्यांची वेटोळी पडलेली असत.

"नाना, ठिबकनी बारीक नळी द्या."

"कापूसले का केळीले?"

"मासासले."

नानांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढे काही न विचारता लांबलचक नळी कापून दिली.

नळी पंपाला चपखल बसली. खिडकीतून ती मागच्या दारी, पपईच्या झाडापर्यंत गेली. पंपासाठी विजेची वायर ओढून द्यायला योगेंद्र आपणहून आला. प्रमिलाबाईंनी टाकीतलं निम्मं पाणी काढलं, हंड्यातलं शिळं पाणी हलक्या हातानं ओतलं आणि फडकी पुन्हा ओली करत तिथेच बसून राहिल्या. भिंतीवरचा शेवटचा हत्ती गेला. दिवेलागणीला शेठ खाली गेला आणि तळातले खडे उकरू लागला. तेव्हा कुठे त्यांनी चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी वडिलांबरोबर मेघा आली. कोऱ्या भिंतीकडे तिनं एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली. मग तिला टाकीवरची फडकी दिसली, खिडकीबाहेर गेलेली काळी नळी दिसली.

"आई, हे काय?"

"शेठले आठली, घरनी हवा मानवनी नही. बाहेरनी दिधी."

मेघानं एक फडकं उचललं. शेठ तिच्या बोटापाशी आला. तिचं लक्ष हातातल्या हिरव्या काठाकडे गेलं आणि तिनं त्यावरून अंगठा फिरवला. रंगाचा वास आता ओसरला होता. तिनं उरलेली तीनही काढली आणि मागच्या दारी नेली. प्रमिलाबाई मागोमाग गेल्या. त्या एकेक पिळून देत गेल्या, मेघा दोरीवर टाकत गेली.

"वाळली की ठेवून द्या, आई," ती म्हणाली. "कुणाला देऊ नका."

"कोनलेच देवाव नही."

पपईखाली पंप घरघरत होता. दोरीवर चार बाळुती वाळत होती.